डबीला घाबरलेले आत्मे

"आला! आला!" असा एकच गलका झाला आणि दोनशे माणसं खुर्च्यांवरून अर्धी उठली.

समोरच्या मोठ्या टीव्हीवर निवृत्त पोस्टमनकाकांचा फोटो होता. काका खुर्चीत अवघडून बसलेले आणि त्यांच्या डाव्या खांद्यावर एक पांढुरका, गोल ठिपका. लिंबाएवढा. काकांनी मान वळवून आपल्या खऱ्या खांद्याकडे पाहिलं. तिथं काहीच नव्हतं. परत टीव्हीकडे पाहिलं, तर तिथं होता. "आई," एवढंच ते म्हणाले आणि सत्तरीचा तो माणूस सगळ्यांदेखत ढसाढसा रडायला लागला.

तिसऱ्या रांगेत मला हसू फुटलं. शेजारच्या बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ते खोकल्यात घालवलं.

कापडाच्या दुकानावरचा हा हॉल एरवी सेलचा माल ठेवायला वापरायचे. आता दर रविवारी सकाळी तिथं खिडक्यांना जाड पडदे लागत. पुढे एक खुर्ची, खुर्चीसमोर स्टँडवर एक छोटा चंदेरी डिजिटल कॅमेरा, कॅमेऱ्यातून टीव्हीला गेलेली वायर, आणि या सगळ्याच्या मधोमध कडक इस्त्रीच्या शर्टातला एक गुळगुळीत माणूस. लोक त्याला तेजदादा म्हणत. मी ठिपकेबाबा म्हणते, आणि या गोष्टीत माझंच चालेल.

"डोळ्याला अहंकार असतो," ठिपकेबाबा मधाळ आवाजात सांगत होता. "लेन्सला अहंकार नसतो. म्हणून गेलेली माणसं डोळ्याला दिसत नाहीत, लेन्सला दिसतात. आधी सुगंध येतो. मग ती येतात."

मी वीस वर्षं लेन्स पुसतेय. लेन्सला अहंकार नसतो हे खरं. बुरशी मात्र असते.

चौकातला फोटो स्टुडिओ माझा. त्याआधी वडिलांचा. तो ठिपका काय आहे हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. छोट्या कॅमेऱ्यात फ्लॅश आणि लेन्स यांच्यात जेमतेम दोन बोटांचं अंतर असतं. लेन्सच्या अगदी पुढ्यात धुळीचा एखादा कण तरंगत असला, की फ्लॅशचा उजेड त्याच्यावर आपटतो आणि तसाच लेन्समध्ये परत येतो. कण इतका जवळ असतो की कॅमेऱ्याला तो नीट दिसत नाही. मग तो फुगून गोल चकती होतो. झाला आत्मा.

तेव्हा मी हसत होते. अजून दहा मिनिटं मला हसता येणार होतं.

पोस्टमनकाकांनंतर माझ्या धाकट्या बहिणीच्या सासूबाई खुर्चीत बसल्या. मी त्यांना काकू म्हणते. चार महिन्यांपूर्वी त्यांचा मोठा मुलगा, म्हणजे आमच्या धाकटीचा नवरा, गेला होता. पाणीपुरवठ्याच्या पंपावर होता तो. रात्री पोटात दुखायला लागलं, सकाळी दवाखान्यात नेलं, दुपारी डॉक्टर म्हणाले, आतडं फुटलंय, उशीर झाला. तेव्हापासून काकू जेवायच्या नाहीत, बोलायच्या नाहीत, नुसत्या भिंतीकडे बघत बसायच्या. मग कुणीतरी त्यांना या हॉलचा पत्ता दिला.

हॉलमध्ये गुलाबाचा मंद वास आला. फ्लॅश चमकला. टीव्हीवर काकूंच्या गालाजवळ एक मोठा ठिपका उमटला.

"लेकरू आलं आईकडे," ठिपकेबाबा म्हणाला.

काकूंनी टीव्हीच्या काचेवर तळहात ठेवला. त्या क्षणी माझं हसू मावळलं, पण रागही आला नव्हता. म्हातारीला बरं वाटतंय तर वाटू दे, असंच मनात आलं. लोक याच शब्दांत या माणसांना दारं उघडून देतात, आणि मीही दिलं.

"आता सूनबाई," तो म्हणाला.

धाकटी खुर्चीत बसली. फ्लॅश चमकला. टीव्हीवर धाकटीचा ओढलेला चेहरा आणि मागची भिंत. बाकी काही नाही. त्यानं पुन्हा फोटो घेतला. काही नाही. तिसऱ्यांदा घेतला.

"तो हिच्याकडे यायला तयार नाही," ठिपकेबाबा हळू आवाजात म्हणाला. दोनशे लोकांना ऐकू जाईल इतक्याच हळू. "शेवटच्या रात्री त्याच्याजवळ कोण होतं?"

"मी," धाकटी म्हणाली.

"मग त्याची तक्रार कुणाबद्दल आहे, हे मी कशाला सांगू?" मग तो काकूंकडे वळला. "माई, जिथं तो येतो तिथंच त्याचं मूल वाढू दे. जिथं तो येत नाही, तिथली सावली मुलावर नको."

त्याच संध्याकाळी धाकटीच्या दिरानं तिची बॅग माझ्या दारात आणून ठेवली. बॅगेत तिचे कपडे होते, तिची औषधं होती, तिचा कंगवासुद्धा होता. तिची सात वर्षांची मुलगी, चिमणी, तेवढी नव्हती.

मी दिराला दारातच धरलं. "भावजी, अहो ती धूळ आहे! फ्लॅशमध्ये धूळ चमकते. माझ्या स्टुडिओत चला, हवे तेवढे आत्मे काढून देते."

तो माणूस काही वाईट नव्हता. घाबरलेला होता. तो म्हणाला, "ताई, धूळ म्हणता ना? मग एकच हॉल, एकच कॅमेरा, पाच मिनिटांचं अंतर. आईच्या फोटोत धूळ आणि वहिनीच्या तीन फोटोंत एक कण नाही? धूळ काय माणसं ओळखते?"

वीस वर्षांच्या अनुभवात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

पोलिसांत जाऊन मुलगी आणता आली असती. मी तयारही होते. धाकटी नको म्हणाली. "पोलीस तिला आणून देतील ताई. पण तिच्या डोक्यात जे घातलंय ते कोण काढणार? काल फोनवर मला विचारत होती, आई, बाबा आजीकडे येतात, तुझ्याकडे का नाही येत? तू काय केलंस?"

एवढं बोलून ती भांडी घासायला उठली. घासलेलीच भांडी परत घासत होती.

आता खरं सांगते. पुढे मी जे केलं ते विवेकासाठी वगैरे केलं नाही. विवेक नंतर आला. मला त्या गुळगुळीत माणसाला चारचौघांत उघडा पाडायचा होता, त्याच हॉलमध्ये, त्याच टीव्हीवर, त्याच दोनशे लोकांसमोर. तो कसा तोंड लपवेल याची चित्रं मी पासपोर्ट फोटो कापता कापता मनात रंगवत होते.

पुढच्या रविवारी मी एकटी गेले आणि मागच्या भिंतीला टेकून उभी राहिले. या वेळी टीव्हीकडे बघायचंच नाही असं ठरवलं होतं. जादूगार उजवा हात दाखवतो तेव्हा डावा हात बघायचा.

डावा हात म्हणजे त्याची मदतनीस होती. पांढऱ्या कपड्यांतली, खाली मान घालून वावरणारी बाई. माणूस खुर्चीत बसला की ती कॅमेऱ्यामागून यायची, हातातल्या बाटलीनं हवेत दोनदा फुस्स फुस्स करायची आणि बाजूला व्हायची. गुलाबपाणी. वातावरण शुद्ध करायला म्हणे. फवारा बारीक, पडदे लावलेले, कुणाचं लक्षही नाही. आणि ती फवारत होती कुठं? खुर्चीवर नाही. कॅमेऱ्याच्या तोंडासमोर.

धूळ नव्हतीच ती! पाणी होतं. धूळ माणसं ओळखत नाही, पण बाटली ओळखते. बाटली ज्याच्या हातात असते तो ओळखतो.

मी मोजायला लागले. सात जण बसले. पाच जणांच्या वेळी गुलाबाचा वास आला आणि ठिपका आला. दोघांच्या वेळी बाई पडदा सारखा करायला निघून गेली, वास नाही आणि ठिपकाही नाही. एक होता घरच्यांशी भांडलेला भाऊ, दुसरी होती कुणाची तरी सून. दोघंही मान खाली घालून उठले.

गुलाबाचा वास आधी येतो हे तो माणूस स्वतःच सांगत होता. फसवणुकीची पावती त्यानं सगळ्यांच्या नाकावर लावली होती.

सोमवारी मी स्टुडिओला आतून कडी लावली. शोकेसमध्ये अगदी त्याच जातीचा कॅमेरा होता. इस्त्रीच्या वेळी कपड्यांवर पाणी मारायची बाटली घेतली. धाकटीला स्टुलावर बसवलं, कॅमेऱ्यापुढे दोनदा फवारलं आणि बटण दाबलं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिच्याभोवती बारा ठिपके! न फवारता फोटो घेतला तर एकही नाही.

"झालं की मग!" धाकटी म्हणाली. "हेच दाखवू."

"दाखवू कसं? तो म्हणेल, तुमचा कॅमेरा तुमचा, माझा कॅमेरा सिद्ध. त्याच्याच कॅमेऱ्यातून त्याचे आत्मे पळवायला हवेत. त्याच्याच हातून."

म्हणजे फ्लॅशचा उजेड असा वळवायचा की तो लेन्ससमोरच्या थेंबांवर पडताच कामा नये. मोठ्या स्टुडिओत आम्ही छत्र्या लावतो, पांढरी कापडं लावतो. तळहाताएवढ्या कॅमेऱ्याला काय लावणार?

वडिलांच्या टेबलाचा खालचा खण उघडला. जुन्या फिल्मच्या रोलच्या डब्या, शेकड्यांनी. काळ्या वेगळ्या, दुधी वेगळ्या. वडील काही फेकत नसत आणि मीही त्यांचीच मुलगी. दुधी डबी उजेड आत घेते आणि सगळीकडे पसरवते. मी एक डबी उभी कापली, फ्लॅशच्या मापाची खिडकी पाडली, आत टिश्यू कागदाची घडी ठेवली आणि रबरानं कॅमेऱ्यावर बसवली. फवारलं. बटण दाबलं.

ठिपके होतेच. फिके होते, पण होते. उजेड मऊ झाला होता, तरी लेन्सच्या बाजूनं गळत होता.

दुसरी डबी कापताना ब्लेड सटकलं आणि अंगठा कापला. तिसरीची खिडकी मोठी झाली. चौथीला मी लेन्सकडची बाजू काळ्या कागदानं झाकली आणि तो कागद टोपीच्या कडेसारखा थोडा पुढे काढला, म्हणजे उजेड वर जाईल, छताला लागून खाली येईल, पण लेन्ससमोरच्या हवेत शिरणार नाही. धाकटीनं फवारलं. दोनदा, चारदा, तिचा चेहरा ओला होईपर्यंत. मी बटण दाबलं.

स्वच्छ! गालावरून ओघळणारा थेंब दिसत होता, हवेतला एकही नाही. आणि खरं सांगू, धाकटीचा इतका सुंदर फोटो त्याआधी कधी आला नव्हता. मऊ उजेड, डोळ्यांखाली सावली नाही.

तेव्हाच आणखी एक गोष्ट लक्षात आली आणि ती मला अजून टोचते. आमच्या स्टुडिओत वडिलांचा नियम होता, ठिपका असलेला फोटो गिऱ्हाइकाच्या हातात जाता कामा नये. ते बारीक कुंचल्यानं ठिपके बुजवायचे, मी कॉम्प्युटरवर पुसते. लोकांच्या छोट्या कॅमेऱ्यांतून आलेले ठिपक्यांचे हजारो फोटो मी गुपचूप साफ करून दिले. गावातल्या माणसांनी आयुष्यात असा ठिपका पाहिलाच नव्हता, कारण मी तो पाहू दिला नव्हता. माझ्या नीटनेटकेपणानं त्या भामट्याला कोरी पाटी मिळाली होती. याचाही राग मी त्याच्याच खात्यावर टाकला, मला सोयीचं होतं.

तिसऱ्या रविवारी मी धाकटीला घेऊन हॉलमध्ये गेले. आम्हाला पाहून कुजबुज झाली. पहिल्या रांगेत काकू, शेजारी दीर आणि दोघांच्या मध्ये चिमणी. चिमणीनं आईकडे पाहिलं, उठायला लागली आणि आजीकडे बघून परत बसली. मी तिचा हात दाबला.

काकूंच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. आठवड्यापूर्वी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. त्यांचं नाव पुकारलं तशी मी उठले आणि आवाजात लोणी घालून म्हणाले, "दादा, एक विनंती होती. काकूंचं डोळ्याचं ऑपरेशन झालंय. फ्लॅशचा झोत थेट डोळ्यात जाऊ नये म्हणून मी एवढीशी डबी बनवून आणलीय. फ्लॅशवर बसवली की उजेड मऊ होतो. आम्ही स्टुडिओवाले लहान बाळांसाठी असंच काहीतरी करतो."

मी डबी तळहातावर धरून सगळ्यांना दाखवली. खरोखरच बाळाच्या खेळण्यासारखी दिसत होती.

ठिपकेबाबानं वाकून डबीकडे पाहिलं. मी मनात म्हणाले, नाही म्हण, म्हणजे लोकांसमोर विचारते की का नाही. पण त्याला फोटोतलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याला फक्त बाटली कळत होती. तो मोठ्या मनानं हसला.

"लाव ना ताई! माईच्या डोळ्यांना त्रास नको. आत्म्याला भिंती अडवत नाहीत, तुझी डबी काय अडवणार?"

"सगळ्यांनी ऐकलं ना?" मी म्हणाले आणि डबी बसवली.

पांढऱ्या कपड्यांतली बाई आली. फुस्स फुस्स. गुलाबाचा वास पसरला. "आला," काही जण आधीच पुटपुटले. फ्लॅश चमकला.

टीव्हीवर काकू होत्या. काळा चष्मा, पांढरे केस, गळ्याजवळच्या सुरकुत्या, सगळं लख्ख. ठिपका नव्हता.

"पुन्हा घेऊ," ठिपकेबाबा म्हणाला. बाईनं तीनदा फवारलं. काही नाही. पाचदा फवारलं. काही नाही. सहाव्या वेळी गुलाबाच्या वासानं पुढची रांग शिंकायला लागली, तरी काही नाही. काकू खुर्चीत लहान लहान होत चालल्या होत्या. "माझ्यावर रागावला का गं?" त्या कुणाला तरी विचारत होत्या.

"आज ग्रहमान..." ठिपकेबाबानं सुरुवात केली.

"थांबा," मी म्हणाले. "भिंती अडवत नाहीत, मग फिल्मची रिकामी डबी कशी अडवते? काढून बघू?"

मी डबी काढली. आणि मदतनीस बाईच्या हातातून बाटली घेतली. ती इतकी गोंधळली होती की तिनं ती दिली. कॅमेरा मी कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्याकडे वळवला. फुस्स फुस्स. क्लिक.

कचऱ्याच्या डब्याभोवती पंधरा ठिपके.

"हे कुणाचे पूर्वज?" मी विचारलं. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मी कॅमेरा दाराशी काढलेल्या ठिपकेबाबाच्या चपलांकडे वळवला. फुस्स. क्लिक. चपलांवर अख्खी सभा भरलेली. "आणि हे? चपलांचे जावई?"

हॉल हसायला लागला. बघता बघता त्या माणसाचा गुळगुळीत चेहरा राखेसारखा झाला. ते बघताना मला जे सुख झालं ते मी लपवणार नाही. दोन आठवडे मी त्याच्यासाठी जगले होते.

पण माझं पोट भरलं नव्हतं. ज्या खुर्चीत त्यानं माझ्या बहिणीला बदनाम केलं होतं तिथंच मला ती बसलेली हवी होती. दिरानं काकूंना परत पहिल्या रांगेत नेऊन बसवलं होतं. "धाकटे, बस," मी म्हणाले. ती बसली. मी भरपूर फवारलं आणि बटण दाबलं.

टीव्हीवर ती आणि तिच्याभोवती ठिपकेच ठिपके. एक नेमका तिच्या गालापाशी, काकूंच्या फोटोत होता तसाच.

मी तोंड उघडून समजावणार, तेवढ्यात पहिल्या रांगेतून चिमणी ओरडली, "आजी, बघ! बाबा आईकडे आले!"

आणि काकू उठल्या. काळा चष्मा काढून टीव्हीकडे बघत राहिल्या. "आला," त्या म्हणाल्या. "तिच्याकडे आला. तिच्यावर राग नाही त्याचा." त्यांनी चिमणीचा हात धरला आणि तिला पुढे ढकललं. "जा बाळा. आईकडे जा."

आता माझी लाज सांगते. मी गप्प बसले. दोन मिनिटांपूर्वी कचऱ्याच्या डब्याचे पूर्वज दाखवणारी मी, तोंडाला कुलूप लावून उभी राहिले. पोरगी परत येत होती. काम झालं होतं. कसं झालं त्याला कोण विचारतंय? ठिपकेबाबाच्या डोळ्यांतही तेच दिसलं मला. त्याला माझा मोह कळला होता आणि त्याच्या ओठांवर किंचित हसू आलं होतं.

चिमणी धावत आली आणि आईच्या कुशीत शिरली. "बाबा आले ना गं तुझ्याकडे?"

धाकटीनं तिला घट्ट धरलं. किती वेळ, मला सांगता येणार नाही. मग तिनं तिला थोडं दूर केलं, माझ्या हातातली बाटली घेतली आणि चिमणीच्या तळहातावर एकदा फवारली.

"नाही गं राणी. बाबा नाहीत हे. पाणी आहे. बघ, ओलं लागतंय ना?"

चिमणीनं ओला तळहात गालाला लावून पाहिला.

"मग बाबा कुठंयत?"

"बाबा नाहीत आता. त्यांचं पोट खूप दुखत होतं आणि आपल्याला दवाखान्यात न्यायला उशीर झाला. आपल्याला सगळ्यांनाच."

ती 'सगळ्यांनाच' म्हणाली. त्या रात्रीची हकीकत धाकटीनं चार महिन्यांत मलाही सांगितली नव्हती. ती मी त्या दिवशी हॉलमध्ये ऐकली, काकूंच्या तोंडून.

"सगळ्यांना नाही," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज खरवडल्यासारखा येत होता. "ही रिक्षा बोलवायला निघाली होती. चप्पलसुद्धा घातली होती हिनं. मी म्हणाले, गॅस असेल, रात्रीचं कशाला धावाधाव. गरम पाण्याची पिशवी मी दिली. मी." त्या परत खुर्चीत बसल्या नाहीत, सरळ जमिनीवरच बसल्या. "हा म्हणाला, तक्रार सुनेबद्दल आहे. मला बरं वाटलं गं. मला इतकं बरं वाटलं."

धाकटी उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही आणि मी ऐकायला गेलेही नाही.

कारण ठिपकेबाबा मागच्या दारानं निघाला होता, कॅमेरा काखेत मारून. दारात पोस्टमनकाका उभे होते.

"बसा," काका म्हणाले.

"काका, मला जरा..."

"चाळीस वर्षं मी लोकांची पत्रं ज्याची त्याला पोचवली. माझ्या आईचं पत्र म्हणून तुम्ही मला गुलाबपाणी दिलंत. बसा त्या खुर्चीत."

तो बसला. काकांनी स्वतः बाटली घेतली आणि निम्मी रिकामी केली. मी बटण दाबलं. मग आम्ही सगळे मिळून पोलीस ठाण्यात गेलो. तक्रारीखाली पहिली सही काकूंची आहे. तो पुढे कुठं गेला, शिक्षा किती झाली, हे विचारू नका. मला अजून कमीच वाटते.

तो फोटो माझ्या स्टुडिओच्या शोकेसमध्ये आहे. वडिलांचा नियम मी त्या एकाच फोटोसाठी मोडला. त्याच्या कपाळावर, नाकावर, कानात, सगळीकडे ठिपके आहेत आणि त्यातला एकही मी पुसलेला नाही, पुसणारही नाही. शेजारी चौथी डबी ठेवलीय, काळ्या कागदासकट. कुणी विचारलं की मी कॅमेरा काढते, बाटली काढते आणि बघणाऱ्यालाच फवारायला लावते. शनिवारी चिमणी दुकानात असली तर ती दाखवते. तिला ते माझ्यापेक्षा चांगलं जमतं, कारण ती चिडत नाही.

तुमच्याही वाट्याला कधीतरी असा ठिपका येईल. फोटोत येईल, पाण्यात येईल, राखेत येईल. गेलेलं माणूस आठवून डोळे भरले तर भरू द्या, त्यात लाज नाही. पण डोळे पुसून झाले की विचारा. फ्लॅश कुठं होता? हवेत काय होतं? बाटली कुणाच्या हातात होती? उत्तर मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा विचारा, आणि विचारू देत नसेल तर तिथून उठा. एवढं करून बघा, मग विश्वास ठेवायचा तर ठेवा.

आणि मी पहिल्या रविवारी केली ती चूक करू नका. म्हाताऱ्या माणसाला बरं वाटतंय, आपलं काय जातंय, असं म्हणून गप्प बसू नका. पाच मिनिटांनी त्या खुर्चीत तुमची बहीण बसलेली असेल.